हिरव्या शेपटीचं विमान

चेंदणी कोळीवाड्याच्या धक्क्यावर गोमाजी तांडेल संध्याकाळी जाळं सांधत बसायचा, पण त्याची नजर जाळ्यावर कमी आणि आभाळात जास्त. मुंबईच्या विमानतळावर उतरणारी विमानं बहुतेक वेळा ठाण्याच्या खाडीवरून खाली येतात. त्यातल्या एकाची शेपटी हिरवीगार होती. ती दिसली की गोमाजी तिथूनच ओरडायचा, "आला गो!" आणि घरात त्याची बायको मनुबाई भाताचं आधण ठेवायची. विमान उतरून, तिथली कामं उरकून, कंपनीच्या गाडीनं त्यांचा पोर चंदू गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत भात तयार असायचा आणि बोंबील तव्यावर पडलेले असायचे.

कोळ्याचा पोर पायलट झाला, यावर वाड्यातल्या लोकांनी तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलं होतं. पण गोमाजीनं हौसेनं थोडाच उद्योग केला होता? खाडीचं पाणी काळं पडत चाललं होतं. चिखलातल्या निवट्या माशांना रॉकेलचा वास यायचा, गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जायचं. आपल्यानंतर या होडीवर कुणाचं पोट भरणार नाही, हे त्यानं वेळीच ओळखलं. माजिवड्याकडचा जमिनीचा तुकडा बिल्डरच्या घशात घातला आणि पोराला विमान शिकायला पाठवलं. चंदू शिकला, लायसन घेऊन आला आणि घरी बसला. तेव्हा नोकरी देणारी कंपनी सरकारीच, आणि तिच्या दाराशी ही मोठी रांग.

मग चौऱ्याण्णवच्या सुमारास खाजगी विमान कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. त्यातल्या 'शुभयान'नं चंदूला को-पायलट म्हणून घेतलं. कंपनी स्वस्तातली. विमानं दोनच, तीही भाड्याची आणि वयानं थकलेली. तिकीट इतरांपेक्षा कमी, खायला चिवड्याचं पाकीट. पण पगार ऐकून गोमाजीच्या हातातली सुई थांबली.

"आनि मासली नाय गावली तर?" त्यानं विचारलं.

चंदू हसला. "बाबा, विमान रिकामं गेलं तरी पगार तेवढाच."

गोमाजीला हे काही केल्या पटेना. होडीत पगार नसतो, वाटा असतो. मालकाचा, जाळ्याचा, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचा. गावलं तर सगळ्यांच्या घरी कालवण, नाही गावलं तर सगळ्यांच्या चुली थंड. मालकही तांडेलाबरोबर उपाशी झोपायचा. रिकाम्या जाळ्याचे पैसे देणारा मालक गोमाजीनं जन्मात पाहिला नव्हता, आणि म्हणूनच 'शुभयान'चा मालक त्याला देवमाणूस वाटायला लागला.

दुसऱ्या वर्षी विमानं खरंच रिकामी जायला लागली. चंदूचा पगार आधी लांबला, मग निम्मा आला, मग नुसती आश्वासनं यायला लागली. एक दिवस तो धक्क्यावर बापाशेजारी येऊन बसला. एका मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं. दुप्पट पगार, दिल्लीत राहायला जागा. आठवड्याच्या आत होय-नाही कळवायचं होतं.

"काय करू, बाबा?"

समोर खाडीला ओहोटी लागली होती.

"पडत्या हंगामात होडी सोडनाऱ्या तांडेलाला," गोमाजी म्हणाला, "दुसरा मालक सुकानाला हात लावू देत नाय. मालकानं आपल्याला वाईट दिसांत पोसलं. आता त्याचं वाईट दिस हायेत."

मनुबाई टोपली धूत होती, तिनं मान वर केली. "अवो, होडीचा कायदा कशाला सांगताव? पोर रोज घरी जेवतं, ते तुमाला सुटत नाय, तसं सांगा ना!"

गोमाजी तिच्यावर खेकसला. इतक्या मोठ्यानं खेकसला, की तिचं बोलणं वर्मी लागल्याचं वाड्याला कळलं. चंदूला मात्र कळलं नाही, किंवा कळूनही त्यानं बापाचा शब्द राखला. दिल्लीला 'नाही' म्हणून कळवलं.

काही महिन्यांनी 'शुभयान'च्या ऑफिसला टाळं लागलं. मालक कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा कुठे गोमाजीला एक साधी गोष्ट उमगली. होडीचा मालक होडीवरच जगतो. हा माणूस त्या विमानात एकदाही पाय ठेवायला आला नव्हता. चंदूनं दिल्लीला फोन लावला, तर जागा भरलेल्या. लहानसहान कंपन्या एकापाठोपाठ एक बसत होत्या आणि पायलट आता महागड्या सुरमईसारखे राहिले नव्हते, बाजारात स्वस्त मांदेलीसारखे ढिगानं पडले होते.

चंदू पुन्हा घरी बसला. सकाळी बापाबरोबर होडीवर यायचा, गुडघाभर चिखलात उतरून जाळं ओढायचा. पोराचं तोंड सुकलेलं दिसायचं, गोमाजीचा जीव तुटायचा. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत तो सुखात होता. या सुखाची त्याला स्वतःलाच लाज वाटायची.

मग मस्कतहून बोलावणं आलं. या वेळी चंदूनं विचारलं नाही आणि गोमाजीनंही सांगितलं नाही. पोर गेलं. पैसे यायला लागले, घरात फोन आला, फ्रिज आला. सुट्टी मात्र मंजूर व्हायचं नाव घेईना. नवीन माणूस म्हणून सगळ्यात शेवटी पाळी. हिरव्या शेपटीचं विमान केव्हाच नाहीसं झालं होतं, तरी गोमाजी संध्याकाळी धक्क्यावर बसायचाच. वर बघायची सवय मानेलाच लागली होती.

एका बुधवारी फोन आला. "बाबा, उद्याचं मुंबईचं विमान माझ्याकडे आहे. संध्याकाळी उजेड असतानाच येईन. पण तासाभरात परत निघायचंय, बाहेर पडता येणार नाही. तुम्ही येऊ नका, भेट व्हायची नाही. पांढरं विमान, शेपटीवर लाल पट्टा."

गुरुवारी गोमाजीनं जाळं हातातसुद्धा घेतलं नाही. लाल पट्टा दिसला. चाकं बाहेर काढून विमान हळूहळू खाली आलं आणि दिसेनासं झालं.

"आला गो!" तो ओरडला. किती महिन्यांनी ओरडला.

घरात आला तर मनुबाईनं आधण ठेवलं होतं. भात तिघांचा होता. बोंबील तळून झाले, ताटं झाली, दोघं नुसती बसून राहिली.

"उडाला असंल का वो आता?" तिनं विचारलं.

"आपल्याला कसं कलनार? उडतं ते तिकडं समुद्राच्या अंगानं. आपल्याला येताना दिसतं, जाताना नाय." मग भिंतीकडे बघत तो म्हणाला, "दिल्लीला जाऊ दिला असता, तर सनावाराला तरी या पाटावर बसला असता. मना तो रोज हवा होता, मनू."

मनुबाईनं भात वाढला. कधीचं ठाऊक असलेलं त्याच्या तोंडून ऐकून तिला रागही आला नाही.

"पुढल्या गुरुवारी बी त्याचीच पाली हाय ना?"

"हाय म्हनला."

"मंग बोंबील जास्ती आनते," ती म्हणाली.