हेमथॉर्प आणि कोंडवलकर

आप्पा, मी कॉव्हेंट्रीला नर्सच्या नोकरीसाठी निघाले तेव्हा तुम्ही माझ्या दोन्ही बॅगांवर लाल ऑइलपेंटनं ‘कोंडवलकर’ लिहिलंत. रंग नीट वाळला नव्हता. विमानतळावर माझे हात माखले आणि मी चिडले. तुम्ही एवढंच म्हणालात, "गाव धरणात गेलं. आता ते या नावातच उरलंय. जपून ने."

तुमची नात पाच आठवड्यांची झाली. मंगळवारी रजिस्ट्रारकडे तिचं नाव नोंदवायचंय आणि आडनाव कुठलं लावायचं याची धास्ती वाटतेय. मार्क म्हणतो, तू ठरवशील ते. त्यामुळे ती आणखीच वाढते.

कारण केन, माझे सासरे. (हो, मी त्यांना नावानंच हाक मारते, तुम्हांला पटत नसलं तरी.) हेमथॉर्प आडनावाची माणसं साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि मार्क त्यांचा एकुलता एक. रिटायर झाल्यापासून ते चर्चमधली जुनी दप्तरं धुंडाळतात. मागत काहीच नाहीत. दर रविवारी येतात आणि जाताना घराण्याच्या नोंदींची फाईल टेबलावर उघडी ठेवून जातात. इथली माणसं अशीच मागतात.

गेल्या रविवारी ते आम्हांला एका कुरणात घेऊन गेले. गवताखाली नुसते उंचवटे, वर मेंढ्या. हेच जुनं हेमथॉर्प. थॉर्प म्हणजे वाडी, हेम कुणी जुना शेतकरी असावा. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून त्यानं वाडी उठवली. माणसं शहरात आली ती नाव घेऊन.

मे महिन्यात पाणी उतरलं की आपल्या घराचं जोतं दिसतं, तसेच ते उंचवटे होते. लग्नाला चार वर्षं झाली, पण कोंडवलची गोष्ट मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितली.

केननी विचारलं, "हाऊ मेनी ऑफ यू आर लेफ्ट?"

मी मोजलं. तुम्ही, आई, काका, मी.

त्यांनी फाईलमध्ये पेन्सिलीनं ‘कोंडवलकर’ लिहिलं, स्पेलिंग दोनदा विचारून. म्हणाले, "बोथ, देन. पुअर गर्ल."

मंगळवारी दोन्ही लिहीन. तरी भीती जात नाही. मोठेपणी फॉर्म भरून कंटाळली की पोरगी एक नाव गाळेल. कुठलं, ते बघायला तुम्ही नसाल, केन नसतील, कदाचित मीही नसेन. घर कुठलं विचारलं तर ती कॉव्हेंट्री म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. माझं घर मात्र आता त्या फॉर्मवरच्या एका ओळीत आहे, आप्पा. शाई नीट वाळेपर्यंत मी तिथून हलणार नाही.