मनीच चूक शे

फोन वाजला की नाना आधी चष्मा काढून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवायचे, मगच रिसीव्हर उचलायचे. पलीकडचा तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "मनीच चूक शे, भाऊ." चूक माझीच आहे. आता अशा माणसाशी तुम्ही भांडून दाखवा बरं.

आमचा जळगावचा पाइपचा कारखाना. नव्वदीच्या अखेरीस मालकांनी पुण्याहून सॉफ्टवेअर आणलं. कच्चा माल कधी मागवायचा, कुठला ट्रक कुठे धाडायचा, सगळं म्हणे तेच ठरवणार. ठरवायचं तर खरं. पहूरचे पाइप धुळ्याला जायचे आणि पहूरचा दुकानदार रिकाम्या दुकानातून आमचा उद्धार करायचा. नियोजन नानांकडे, म्हणून शिव्याही त्यांनाच.

मी शेजारच्या टेबलावर, माल रवाना करायच्या कामावर होते. एकदा वैतागून म्हणाले, "नाना, चूक मशीनची. तुम्ही कशाला गळ्यात घेता?"

"मशीनवर चिडून कोणाचं समाधान होतं, ताई? माणसावर चिडला की जरा मोकळा होतो बिचारा."

मग चष्मा लावून सगळा आराखडा पुन्हा हाताने मांडायला घ्यायचे. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मला तर ते खोकं उचलून गिरणा नदीत टाकावंसं वाटे.

त्या वर्षी नानांच्या लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. सासर भडगावला. आपल्याकडे आखाजीला माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय लेक निघत नाही. नानांना मुलगा नाही, बायको अंथरुणाला खिळलेली. जाणार ते स्वतःच. अंगणात लेकीसाठी आखाजीचा झोका बांधून झाला होता.

पण सॉफ्टवेअरमध्ये दिवाळी होती, गणपती होते, आखाजी नव्हती. पुण्याच्या पोरांना तो नुसता सोनं घ्यायचा मुहूर्त. आमचे हमाल गावी गेलेले आणि मशीनने सगळे ट्रक नेमके त्याच दिवसांवर लावलेले. नानांनी त्या दिवसांची सुटी मशीनमध्ये घातली, तर अख्खा आराखडाच पुसला गेला.

"उद्या निघतो," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. मुराळी आला नाही की सासरी काय काय ऐकावं लागतं, ते मला कोणी सांगायला नको. माझा जीव तुटत होता, पण फोन थांबत नव्हते.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी लेकच ऑफिसच्या दारात उभी राहिली. एसटीने एकटी आलेली, हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. नाना उठले. चष्मा काढला आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून राहिले.

"मनीच चूक शे, बेटा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावर पसरलेल्या कागदांकडे.

"बठ्ठासनी चूक तुमनीच शे का, नाना?"

सगळ्यांचीच चूक तुमची कशी, असं विचारत होती ती. इतक्यात फोन वाजला. सवयीने त्यांचा हात पुढे गेला. लेकीने तो धरला आणि पिशवी त्याच हातात दिली.

दोघं फाटकाबाहेर पडेपर्यंत फोन वाजतच होता. शेवटी मी उचलला. धुळ्याचा दुकानदार होता, चांगलाच तापलेला.

"मनीच चूक शे, भाऊ," मी म्हणाले.