मार्था सिस्टरांचं "जाते"

मार्था सिस्टर कुठूनही निघाल्या की "जाते" म्हणायच्या. आपल्याकडे असं कुणी म्हणत नाही. माणूस चहा पिऊन शेजारच्या गल्लीत निघाला तरी "येतो" म्हणतो. चुकून तोंडातून "जातो" निघालंच, तर घरातलं कुणीतरी त्याला उंबऱ्यातच थांबवून दुरुस्त करून घेतं. सिस्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचा जन्म पूर्णेचा, रेल्वेच्या क्वार्टरातला. वडील गँगमन. साठी ओलांडेपर्यंत त्याही चारचौघांसारखं "येते" म्हणत होत्या. नंतर त्यांनी ते सोडलं.

पूर्णेला स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचा दवाखाना. मी नर्स म्हणून लागले तेव्हा सिस्टर तिथल्या सगळ्यात जुन्या. मी ताडकळसची, रोज बसनं ये-जा करायची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हाताची नखं बघितली, कातर दिली आणि आत गेल्या. अंगानं काटकुळ्या, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. सगळ्या पोरी पंजाबी ड्रेसवर आल्या तरी यांची पांढरी साडी सुटली नाही. पट्टी करण्याआधी क्षणभर डोळे मिटून प्रार्थना करायच्या. पेशंटला वाटायचं, बाईंना झोप आली.

ड्रेसिंगचं काम मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांचं शिकवणं म्हणजे दोन-तीन वाक्यं, तीच पुन्हा पुन्हा. "जखमेला जात नसती, वास आसतो," हे एक. नाक मुरडणाऱ्या नव्या पोरीला हे हमखास ऐकायला मिळायचं. दुसरं मला नीट कळलं ते एका धनगरामुळे. बोरीकडचा माणूस, मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरलेला. पायाला चिंधी बांधून आला होता. सोडून पाहिलं तर तळव्यात खिळा, आणि तो खिळा घेऊन गडी कितीतरी दिवस मेंढरांमागे चालला होता. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेला. तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "बाई, काईच दुखत न्हाई बगा." मला वाटलं, बरं झालं, ओरडणार तरी नाही. सिस्टरांचा चेहरा मात्र उतरला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "दुखायलंय म्हन्ला की मी निवांत आसते, सुमन. दुखत न्हाई म्हन्ला की माजं काळीज हालतंय."

निवृत्तीच्या वयात त्यांना आफ्रिकेचं निमंत्रण आलं. नांदेड-परभणीकडच्या काही चर्चच्या मंडळ्या मिळून दरवर्षी एक गट पाठवायच्या, मलावी नावाच्या देशात, पंधरा दिवसांसाठी. कुणी गाणी शिकवायचं, कुणी शाळेच्या भिंती रंगवायचं, कुणी औषधं वाटायचं. मी त्यांना पंधरा दिवसांचे देवदूत म्हणायची. सिस्टर हसायच्या, रागवायच्या नाहीत. निघताना सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट दिले होते. सिस्टरांनी तो साडीवरून घातला आणि तशाच विमानात बसल्या. दवाखान्यातल्या सगळ्यांनी मोबाईलवर तो फोटो पाहिला. जन्मात पहिल्यांदा नांदेडच्या पुढे गेले, आणि तेही बिनरुळाच्या गाडीतून, असं त्या आल्यावर म्हणाल्या.

त्या पहिल्या वेळी त्या फुलून आल्या होत्या. तिकडची माती लाल आहे, आपल्यासारखी पायाला चिकटत नाही. मक्याचं पीठ शिजवून घट्ट गोळा करतात आणि हातानं तोडून खातात. आजीला आगोगो म्हणतात. हे आगोगो त्यांना फार आवडलं होतं. "आगो-गो, जनू गल्लीतून कुनी हाक मारायलंय," म्हणायच्या. त्यांचीही तिथे एक आगोगो होती. पायाच्या घोट्यावर जुनी जखम, चिघळलेली, माश्या बसायच्या. सिस्टरांनी पंधरा दिवस रोज तिची पट्टी केली. शेवटी मांस लाल दिसायला लागलं, म्हणजे जखम भरायच्या रस्त्याला लागली. उरलेलं गॉज आणि मलम तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या माणसाच्या हवाली करून सिस्टर परत आल्या. त्यानं एक दिवसाआड पट्टी बदलायची असं ठरलं होतं.

दुसऱ्या वर्षी गट पुन्हा गेला, सिस्टरही गेल्या. आल्या त्या "जाते" घेऊन. आफ्रिकेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मला कामाला लावलं. मग मीही नाद सोडला. मला वाटलं, तब्येत बिघडली असेल, नाहीतर गटाबरोबर गेलेल्या चर्चच्या पाळकांशी वाजलं असेल.

ते कळायला ताडकळसचा बाजार कारण ठरला. बाजाराच्या दिवशी मी त्यांना घरी घेऊन गेले होते, आईचा गुडघा दाखवायला. गुडघा झाला, चहा झाला, पदर सावरून सिस्टर म्हणाल्या, "जाते, बाई."

आईनं कपाळाला हात लावला. "आसं म्हनू न्हाई ओ. येते म्हनावं."

सिस्टर चपला घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्हनून बगितलं."

आई पुढे आठवडाभर माझ्यावर घुश्शात. त्यांच्यात तसं चालत असेल, पण आपल्या उंबऱ्यात कशाला, असं तिचं म्हणणं. मला सिस्टरांचाच राग आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गॉजच्या घड्या घालायला बसलो तेव्हा मी सरळच विचारलं की माझ्या आईनं तुमचं काय वाईट केलं. त्यांनी घड्या घालणं थांबवलं नाही. घड्या घालता घालताच सगळं सांगितलं.

पहिल्या वर्षी निघताना त्या आगोगोच्या झोपडीत गेल्या होत्या. बरोबर तिथल्या शाळेचे एक मास्तर, इंग्रजीतून तिकडच्या भाषेत सांगायला. सिस्टरांचं इंग्रजी दवाखान्यातलं. आगोगोच्या पायावर हात ठेवून त्यांनी मराठी मनातून जे आलं ते तसंच इंग्रजीत ठेवलं: "आय कम." येते. आपण म्हणतो तसं. मास्तरांनी जे ऐकलं ते म्हातारीला सांगितलं: ही म्हणते, मी येणार आहे.

म्हातारी बसली वाट बघत. दवाखान्यातला माणूस एक दिवसाआड तिच्या दारात जायचा, ती त्याला पट्टीला हात लावू द्यायची नाही. जिनं बांधली ती येणार आहे, तीच सोडेल. तो समजावून दमला. मास्तर दमले. घरच्यांनी झोपेत सोडायचा प्रयत्न केला तर तिनं काठी घेतली. पट्टी आत कुजली. तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

दुसऱ्या वर्षी गटाला गाव वेगळं दिलं होतं. सिस्टरांनी पाळकांच्या मागे लागून गाडी वळवली, आगोगोची जखम कितपत भरली ते बघायला. झोपडीसमोर ती चटईवर बसली होती, शेजारी कुबडी.

"मला वाटलं, आता थुकती माज्यावर," सिस्टर म्हणाल्या. "तर ती हासायली. मास्तरला बोलवायली, शेजारनीला बोलवायली, त्या दवाखान्यातल्या मानसाला बोलवा म्हनायली. सगळ्याला दाखवायली मला. म्हनायली, बगा, मी सांगत होते का न्हाई येती म्हनून."

घड्यांचा ढीग झाला होता, त्या तो मोजल्यासारखा थोपटत राहिल्या.

"तक्रार केली आसती तर मी झोपले आसते गं," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी मास्तरांना विचारलं की तुमच्यात निघताना काय म्हणतात. मास्तरांनी सांगितलं, निघणारा म्हणतो, नीट राहा. स्वतःबद्दल काही सांगतच नाही, मागे राहणाऱ्याबद्दल बोलतो. सिस्टरांनी ते शब्द घोकले, आगोगोला म्हणून दाखवले, आणि वर मास्तरांना दोन-दोनदा बजावलं की मी आता जाते एवढंच सांगा, परत येईन असं हिला सांगू नका. त्यांनी सांगितलं की नाही, कोण जाणे. म्हातारी हात हलवत होती.

मी उठून गॉज वाफेनं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावला.

त्यानंतर एका रविवारी चर्चमध्ये आफ्रिकेला गेलेल्यांच्या साक्षी होत्या, म्हणजे एकेकानं उठून आपला अनुभव सांगायचा. सिस्टरांनी मला बोलावलं नव्हतं, मी आपली भोचकपणानं गेले आणि मागच्या बाकावर बसले. पडद्यावर फोटो. एकानं मुलांनी कशी गाणी म्हटली ते सांगितलं, एका मुलीला बोलता बोलता रडू आलं. मग सिस्टर उठल्या. त्या म्हणाल्या, "मी पंधरा दिवस पट्टी केली. पट्टी रोज करावी लागती." आणि बसल्या. पाळक अजून पुढे काही येईल म्हणून थांबले, मग त्यांनी घाईघाईनं गीत सुरू करायला सांगितलं. बाहेर पडताना सिस्टर त्यांनाही "जाते" म्हणाल्या. पुढे दरवर्षी गटाचं बोलावणं यायचं, त्या जायच्या नाहीत. म्हणायच्या, पूर्णेत जखमा कमी आहेत का.

गेल्या उन्हाळ्यात ऑटोक्लेव्हच्या वाफेनं माझा उजवा हात भाजला, मनगटापासून वर चांगला वीतभर. चूक माझीच, झाकण घाईनं उघडलं. पट्टी सिस्टरांनी केली. डोळे मिटून नेहमीचं क्षणभर थांबणं झालं, मग मला शिव्याही दिल्या. दोन दिवसांनी सकाळी त्या कामावर आल्या त्याच धापा टाकत. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि नांदेडला हलवायला सांगितलं. त्यांची भाची अॅम्ब्युलन्सच्या गाडीत त्यांच्याजवळ बसली. दवाखाना पेशंटनी भरलेला, मी दारापर्यंत गेले. सिस्टरांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला, माझ्या पट्टीच्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "येते गं, सुमन."

मी म्हणाले, "या." कुणी "येते" म्हटलं की आपण "या" म्हणतो, तसं. गाडी वळल्यावर मला कळलं की त्या काय म्हणाल्या.

नांदेड यायच्या आधीच त्या गेल्या. तशा आल्या परत, दुपारी, त्याच गाडीतून.

मला रडू आलं नाही. दफनाला मंडळीतल्या बायका रडल्या, आमचे डॉक्टर रडले, माझी आई, जी त्यांना अपशकुनी बाई म्हणायची, ती ताडकळसहून येऊन पदर तोंडात धरून रडली. मी पेटीकडे बघत होते आणि पेटीचे खिळे नवीन आहेत एवढंच मला दिसत होतं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझा उजवा हात पट्टीत, मी डाव्या हातानं टाकली. एका बाईनं त्यावरून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, जेवले, बस पकडली. सिस्टर घसरल्या असतील, जुनी सवय तोंडात आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, त्या घसरणाऱ्यातल्या नव्हत्या. घाबरल्या असतील. किंवा मी घाबरू नये म्हणून म्हणाल्या असतील. विचारणार कुणाला? ज्या बाईनं तो शब्द इतकी वर्षं तोंडात येऊ दिला नाही, ती तो शेवटी माझ्या हातावर ठेवून गेली, आणि मी तो हात जपून वागवत होते.

आमच्या दवाखान्यात अनिता म्हणून दुसरी नर्स आहे. माझ्याच वयाची, बोलायला तिखट. ती रोज म्हणायची, आण तो हात, पट्टी बदलू. मी म्हणायची, राहू दे. कधी उद्या म्हणायची, कधी घरी केली म्हणायची. घरी काही केली नव्हती. आंघोळीला हात पिशवीत घालून बसायची. पट्टीची शेवटची गाठ सिस्टरांची होती, उलटी, आत खोचलेली. तशी दुसऱ्या कुणाला येत नाही.

शेवटी एका सकाळी औषधांच्या कपाटापाशी अनिता माझ्या बाजूला उभी राहिली आणि तिनं हुंगून बघितलं.

"सुमन, वास यायलाय."

"येऊ दे."

"दुखायलंय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "काईच दुखत न्हाई."

आणि मला तो बोरीकडचा धनगर दिसला, खिळा घेऊन चाललेला, अभिमानानं सांगणारा. चटईवर बसलेली आगोगो दिसली, जिला मी जन्मात बघितलेलं नाही. इतकी वर्षं मला ती म्हातारी हट्टी वाटत होती, अडाणी वाटत होती. नर्स असून मी काय वेगळं केलं होतं? काठी तेवढी घेतली नव्हती.

मी ड्रेसिंगच्या स्टुलावर बसले आणि हात अनितापुढे केला. म्हणाले, "सोड."

तिनं ती गाठ उलगडली. सिस्टरांची गाठ निघायला वेळ लागला. वरचे थर सुटले, आतलं गॉज चिकटून बसलं होतं. अनितानं सलाईननं ते भिजवलं, थोडं थांबली, मग एक टोक धरून हळूहळू ओढायला लागली.

"आता दुखायलंय का?" तिनं विचारलं.

"दुखायलंय," मी म्हणाले. "लय दुखायलंय."