पोहोचल्याचा फोन

ढाणकीत बबनरावांना सगळे पायलट म्हणायचे, आणि बबनराव दर वेळी चिडायचे. वायुसेनेतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसानं विमान उडवलंच असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. ते बिचारे जीव तोडून सांगत की बाबांनो, आपण एअरमन होतो, जमिनीवरचे. विमान तपासायचं, वैमानिकाचे पट्टे आवळायचे, शिडी काढायची, अंगठा दाखवायचा आणि ते परत येईस्तोवर वाट पाहायची. पण वाट पाहणं हे काय काम झालं? गाव ऐकेल तर शपथ.

त्यांच्या बायकोला, शकुबाईंना, मात्र त्या कामाची झळ चांगलीच माहीत होती. एकाहत्तरच्या लढाईत बबनरावांनी पट्टे बांधून दिलेलं एक विमान परत आलं नाही. ते धावपट्टीच्या कडेला उभेच राहिले. जेवायला बोलावलं, गेले नाहीत. शेवटी साहेबांनी हाताला धरून नेलं. तेव्हापासून हा नेम लागला. घरातलं कुणी गावाला निघालं की स्कूटीची हवा दाबून पाहणार, एसटीत बसवून अंगठा दाखवणार, आणि पोहोचल्याचा फोन येईपर्यंत घास तोंडात घालणार नाहीत. भाजी निवून जायची, शकुबाईंचं डोकं तापायचं. साधं उमरखेडला लुगडं आणायला गेलं तरी हीच तऱ्हा. उभा जन्म त्या या खुळावर करवादल्या. खरं सांगायचं तर आपल्यासाठी कुणीतरी उपाशी बसलंय, हे त्यांना मनातून फार आवडायचं.

परवा पहाटे बबनराव झोपेतच गेले. नागपूरला नर्सिंग शिकणारी नात, प्रेरणा, मिळेल त्या एसटीनं निघाली. आर्णीच्या पुढे गाडी बंद पडली, असा तिचा फोन आला, आणि त्यानंतर तो लागेचना.

अंगण माणसांनी भरलं, तिरडी बांधून झाली. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर भलंमोठं लढाऊ विमान आणि खाली 'पायलट बबनराव'. जिवंत असते तर त्यांनी तो फाडलाच असता. ऊन उतरायला लागलं तशी जाणती माणसं कुजबुजू लागली. दिवस मावळायच्या आत उरकायला पाहिजे, पोरीसाठी किती थांबायचं, ती मागून घरी येईलच. मुलगा देवानंद सगळ्यांचं ऐकून आईपाशी आला आणि उचलू का म्हणून विचारू लागला.

शकुबाई उठल्या आणि तिरडीला हात लावून उभ्या राहिल्या.

"उचलायचं नाही. पोरगी रस्त्यावर हाय अन् तुम्ही यायले कायले हलवता? लढाईत हलले नाही हे. आज हलतीन?"

एकानं घड्याळ पुढे केलं. शकुबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात मागे घेतला. कुणी खुर्ची आणली, तीही नको म्हणाल्या. पोरगी आलीच नाही तर या माणसाला जिवाच्या घोरासकट पाठवावं लागेल, एवढीच भीती त्यांना खात होती.

सूर्य पार झाडांना टेकला तेव्हा कापसाच्या गाडीतून प्रेरणा उतरली, धुळीनं माखलेली. ती आजीच्या गळ्यात पडायला धावली, तर शकुबाईंनी तिला खांद्याला धरून वळवलं.

"आधी त्यायले सांग."

पोरगी खाली बसली, आजोबांच्या कानाशी वाकली.

"आबाजी, पोहोचली मी."

मग शकुबाईंनी तिरडीवरचा हात काढून घेतला. तिरडी उचलली गेली, आणि सगळ्या गावादेखत त्यांनी अंगठा वर करून नवऱ्याला दाखवला. माणसं वळणाआड गेली तरी तो हात खाली आला नाही.

मंडळी परतल्यावर शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. देवानंदनं ताट आईपुढे ठेवलं, दोन घास तरी खा म्हणून हातापाया पडला. शकुबाईंनी ताट हळूच बाजूला सरकवलं.

"थांब जरासा," त्या म्हणाल्या. "त्यायचा फोन कुठं आला अजून?"