वखारवाल्या शेठचं सागवानी दार

‘भूत नसतं’ हे पत्रक मी स्वतः लिहिलंय, मूल गावच्या बाजारात उभी राहून वाटलंय. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर हसा... मीही हसलेच असते.

चंद्रपुरातला आमचा बंगल्यांचा रस्ता. टोकाला डॉक्टरांचं लाल कौलांचं जुनं घर, मधे काचेचं शोरूम आणि समोर वखारवाल्या शेठचा दुमजली बंगला — सगळा आलापल्लीच्या जंगलातला सागवान. रस्त्याच्या कमिटीनं ‘आपला वारसा’ म्हणून गुळगुळीत पुस्तिका काढली. मालकांचे फोटो, मालकांच्या कुत्र्याचाही फोटो. ज्यांनी रंधा मारला त्यांचं नाव? एकही नाही! शिवाय शेठच्या बंगल्यासमोर कडुनिंबाखाली सलीमचाचांची सुतारकामाची टपरी, ती म्हणे ‘वारशाला शोभत नाही’. केली शेठनं तक्रार! चाचांचं घर त्याच टपरीवर चालतं.

टपरी उचलायला महापालिकेची गाडी आली भर दुपारी. मी आडवी उभी राहिले.

“शेठ, तुमचं हे दार चाचांच्या आजोबांनी घडवलंय!”

“पुरावा आहे का, बाई?”

नव्हता. चाचांनी सांगितलेलं, एवढंच.

“जाऊ दे बेटा,” चाचा म्हणाले. “मी बसीन कुठी तरी.”

“काऊन जाऊ दे? का म्हणून?” मी म्हटलं.

“पाहा! आमच्या बंगल्याचा इतिहास आमालेच शिकवून राह्यली!” शेठ पायरीवरून गरजले — आणि त्यांच्या मागचं दार उघडलं.

ते दार फुगून कायमचं अडकलेलं. घरचे बाजूनं ये-जा करतात. “अगंबाई! माझ्या लग्नापासून बंद होतं ते!” शेठाणी आतून ओरडल्या. वारा म्हणाल तर कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

दाराच्या कडेवर तीन रेघा कोरलेल्या, चिमणीच्या पायासारख्या. चाचांनी गुपचूप आपला आजोबांपासूनचा जुना रंधा उलटा केला. खाली तीच खूण.

“आजोबा कडेलेच खूण घालत,” ते म्हणाले. “दार लागलं का दिसत नाई. मालकाले राग नको.”

शेठनं दार ढकललं. लागेना. गाडीवाल्या दोघांनी खांदा लावला. लागेना. “काही असो, टपरी उचला!” असं शेठनं म्हटलं की दार आणखी चार बोटं उघडायचं. दोनदा झालं, मी मोजलंय.

“अहो, तुम्ही बोलू नका ना!” शेठाणी कळवळल्या. “सगळा हॉल रस्त्यावरून दिसून राह्यला!”

“बरं बाबा, राहू द्या टपरी,” शेठ गाडीवाल्यांना म्हणाले.

“लिहून द्या,” मी म्हटलं. हाताशी दुसरा कागद नव्हता, माझ्याच पत्रकाच्या मागं लिहून घेतलं. तक्रार मागे, खाली सही. मग चाचांनी एका बोटानं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी बिजागऱ्या तपासल्या, उंबऱ्याला पाणसळ लावून पातळी पाहिली. सगळं सरळ. उन्हानं लाकूड आखडतं, मान्य. पण लाकूड ऐकतं कधीपासून?

शेठच्या सहीचा कागद चाचांनी टपरीत चिकटवलाय, सही दर्शनी बाजूला. मागं, ठळक टायपात, माझं वाक्य भिंतीकडे तोंड करून आहे... भूत नसतं.