रुईच्या पानाखाली
शेंदरात कालवलेल्या तेलाचा वास आला की चिंचणीची आत्या आठवते. दर शनिवारी ती मारुतीसाठी रुईच्या पानांचा हार ओवायची. एकदा एका पानाखाली, रुईवरच वाढणाऱ्या सुरवंटाचा हिरवा कोश लटकत होता, त्यावर सोनेरी ठिपके. "यातून फुलपाखरू निघेल," मी म्हणाले. "सोनं हाय ते, देवाला चढू दे," म्हणत तिने ते पान तसंच ओवलं. पुढच्या शनिवारी सुकलेल्या हारावर नारिंगी फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं. आत्याने नेहमीसारखं मारुतीच्या डोक्यावरून तेल ओतलं. पंख शेंदराला चिकटले आणि थरथरत राहिले. "आत्या, काढ ना गं त्याला." "कशाला? देवाच्याच रंगाचं हाय, दिसत पन नाय." खरंच दिसत नव्हतं. आता शनिवारचा हार मी ओवते. पानं उलटून बघत नाही.