ब्रॉसार्डच्या घरातला ग्रीस

“थांब, अजून पळतेय ती.” रेकॉर्ड चालू असताना कुणी बोललं की काका डोळे न उघडता तळहात वर करायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जन्मभर टेलिकॉममध्ये नोकरी, आणि मन भलत्याच गावी. काकांचं घर परदेशात, ब्रॉसार्ड या बर्फाळ उपनगरात, मन ग्रीसमध्ये, तेही फ्रेंच संगीताच्या वाटेने. मी कॉलेज सांभाळून त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. वर ते स्वतः फ्लूटवर एकच रचना घोटत असायचे. रचना फ्रेंच, कथा ग्रीक: बकऱ्याच्या पायांचा वनदेव एका अप्सरेमागे लागतो. ती पळते, नदीकाठी वेळू होऊन उभी राहते. तो वेळू कापून वनदेव त्याची बासरी करतो.

“म्हणजे आधी छळायचं, मग कापायचं, वर तिच्यातूनच गाणं काढायचं!” मी उसळले. “आणि पॅरिसची बडी मंडळी टाळ्या वाजवणार!”

“बरोबर आहे, कॉम्रेड. पण वाजतंय कोण? तीच ना?”

“त्या फ्रेंचांना ग्रीसचं एवढं काय पडलं होतं?”

“ओढ गं! डेल्फीच्या जुन्या ग्रीक देवळात दगडावर एक तुटकं स्तोत्र सापडलं, तर त्यालाही साथ रचली त्यांनी. कित्येक जण तिकडे गेलेसुद्धा नव्हते.” मग हळूच, “आम्ही दोघं रिटायर झाल्यावर जाणार होतो. ही थांबली नाही.”

काकूंनंतर त्यांची एकच इच्छा उरली होती: ती रचना एकदा लोकांपुढे, शेवटपर्यंत वाजवायची. फुप्फुसं साथ सोडत होती. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने गणपतीत वेळ दिली. “लेझीमनंतर पाच मिनिटं, ओके काका? फ्यूजन म्हणून अनाउन्स करतो.”

पहिल्याच सुराला पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. बासरी म्हणजे कृष्णच! मोरपीस खोचलेल्या आपल्या नातीला कुणीतरी स्टेजवर ढकललं. काका हसले नाहीत, थांबलेही नाहीत.

बर्फ पडायच्या आत ते गेले. घर विकायला काढलंय. त्या कथेवरचा माझा राग अजून तसाच आहे. पण वाद घालायला वर कुणी नाही.

गणपतीतल्या त्या संध्याकाळचा शेवटचा सूर लांबलचक होता, विझत जाणारा. तिथे काकांचा श्वास संपला. फ्लूट ओठांवरच, बोटं त्या सुरावर घट्ट, आवाज मात्र नाही. कुणी टाळी वाजवली नाही. ते फ्लूट खाली घेईपर्यंत सगळा हॉल, आणि मीसुद्धा, श्वास रोखून बसलो होतो.